भूल देणारे हात



गेल्या वर्षी उधन्याची एक मुलगी माझ्याकडे आली. वडील लूमवर कामाला, मुलगी विज्ञान शाखेत. "मावशी, मला नर्स होऊन भूल देण्याचे काम करायचे आहे. बारावीनंतर काय करू?"

मी क्षणभर निरुत्तर झाले. माझी सारी नोकरी शस्त्रक्रियागृहात गेली. बॉईल यंत्राशेजारी उभे राहून मी सिरिंजा भरल्या, लॅरिंगोस्कोप हाती दिला, रुग्णाच्या नाडीवर बोट ठेवून उभी राहिले. मात्र स्वतः भूल देणारी परिचारिका असे पद आपल्या व्यवस्थेत नाही, हे माझे शिक्षण पुरे होईतो मला कोणी सांगितले नव्हते. ते का नाही, हा आजच्या व्याख्यानाचा विषय.

1846 साली बोस्टनमध्ये ईथर आले, 1847 साली एडिंबरोत क्लोरोफॉर्म. इंग्रजांनी क्लोरोफॉर्म उचलून धरले. ते वापरायला सोपे, पण मात्रेत चूक झाली तर जीवघेणे. 1848 च्या जानेवारीत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी पायाचे नख काढताना त्यानेच दगावली. भूल देणे हे डॉक्टरचेच काम, ही धारणा ब्रिटनमध्ये रुजण्यास ही भीती पुष्कळ अंशी कारण झाली, आणि तीच पद्धत त्यांच्या इस्पितळांबरोबर आपल्याकडे आली.

अमेरिकेत मात्र ईथर टिकले. तेथे भूल देण्याचे काम कमी मोबदल्याचे. शिकाऊ डॉक्टरचे लक्ष भुलीपेक्षा शस्त्रक्रियेकडे अधिक. म्हणून शल्यविशारदांनी परिचारिका शिकवून तयार केल्या. मेयो बंधूंकडील अॅलिस मॅगॉ यांनी 1906 साली चौदा हजारांहून अधिक भुलींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांत भुलीमुळे एकही मृत्यू नव्हता. 1931 मध्ये तेथील भूल-परिचारिकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज तेथे परिचर्येची पदवी, अतिदक्षता विभागातील किमान एका वर्षाचा अनुभव आणि त्यानंतर डॉक्टरेट अशी वाट आहे.

आपल्याकडील गोष्ट हैदराबादेत घडली. आजचा मराठवाडा तेव्हा त्याच निजामी राज्यात होता. रूपाबाई फर्दुनजी या पारशी तरुणीने 1885 साली तेथील वैद्यकीय शाळेत प्रवेश घेतला. क्लोरोफॉर्म धोक्याचे की नाही, हे ठरवण्यासाठी एडवर्ड लॉरी यांनी याच शहरात 1888 आणि 1889 साली दोन आयोग भरवले. श्वासावर लक्ष ठेवा, हृदयाला भय नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. पुढे तो चुकीचा ठरला. त्याच वातावरणात रूपाबाई शिकल्या आणि 1889 पासून 1917 पर्यंत हैदराबादेच्या इस्पितळांत भूल देत राहिल्या. जगातील अगदी आरंभीच्या महिला भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. त्या परिचारिका नव्हत्या, वैद्य होत्या, हे ध्यानात घ्यावे. स्त्रीला ते दार उघडले खरे, पण डॉक्टर म्हणून.

तेव्हा मी त्या मुलीला कागदावर दोन वाटा लिहून दिल्या. भूल स्वतःच द्यायची असेल तर नीट परीक्षा, इंटर्नशिपसह साडेपाच वर्षांचे एम.बी.बी.एस. आणि पुढे तीन वर्षांचे एम.डी. सुरतेचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय 1964 सालापासून आहे, घर सोडावे लागेलच असे नाही. परिचर्याच हवी असेल तर चार वर्षांचे बी.एस्सी. नर्सिंग आणि मग अतिदक्षता विभागातील नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. त्यात श्वासयंत्र सांभाळता येईल; शस्त्रक्रियेची भूल देता येणार नाही. परदेशी जाण्याचा मार्गही याच दुसऱ्या वाटेवरून निघतो, पण तो लांबचा आणि खर्चाचा.

पहिली वाट कठीण म्हणून ती वगळावी, असे मी तिला सांगितले नाही. मला कोणी तीसुद्धा दाखवली नव्हती.

तिने कागद दोनदा वाचला. मग विचारले, नीट मराठीतून देता येते का? येते, पण मराठी प्रश्नपत्रिका घेतली तर केंद्र महाराष्ट्रातले घ्यावे लागते. "म्हणजे आदल्या रात्रीच्या गाडीने निघावे लागेल," ती म्हणाली, आणि कागदाच्या मागे तिने ते लिहून घेतले.