हमरस्ता आणि फाटा

पालघरहून नाशिकला जायच्या दोन वाटा आहेत. एक म्हणजे मुंबई-आग्रा रस्ता गाठायचा, कसारा घाट चढायचा आणि इगतपुरीवरून नाशिकला पोचायचं. बहुतेक लोक तसंच जातात. दुसरी वाट मनोर, विक्रमगड, जव्हार, मोखाडा, त्र्यंबकेश्वर अशी जाते. या वाटेवर घाट आहेत, वळणं आहेत आणि श्रावणात धुकं असं उतरतं की गाडीपुढचं दहा पावलांवरचं दिसत नाही. मी गेली कित्येक वर्षं, जमेल तेव्हा, याच वाटेनं जातो. कधी एसटीनं, कधी कुणाच्या जीपमधून. आज या रस्त्याची गोष्ट सांगावी म्हणतो. कारण ती सांगितली म्हणजे जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांचा इतिहास बराचसा सांगून होतो.

आता या रस्त्याला राष्ट्रीय महामार्ग १६०-अ असा क्रमांक आहे. क्रमांक नवा असला तरी वाट फार जुनी आहे. ती का पडली हे समजायला आधी नदी पाहावी लागते. त्र्यंबकच्या डोंगरात पडणाऱ्या पावसाची वाटणी होते. काही पाणी गोदावरी होऊन पूर्वेला जातं, ते थेट बंगालच्या उपसागरापर्यंत. काही पाणी वैतरणा होऊन पश्चिमेला उतरतं आणि अरबी समुद्राला मिळतं. या वैतरणेच्या काठी मनोर आहे. पूर्वी भरतीच्या पाण्यावर गलबतं खाडीतून मनोरपर्यंत येत. म्हणजे घाटमाथ्यावर नाशिक-त्र्यंबकची बाजारपेठ, खाली माहीम, तारापूर, डहाणू ही बंदरं आणि मधे हा डोंगराळ मुलूख. मीठ आणि सुकी मासळी वर चढायची, धान्य आणि रानातला माल खाली उतरायचा. बैलांच्या पाठीवर गोणी लादून तांडे चालत. त्यांच्या खुरांनी पडलेल्या वाटा गोंदा घाट, शीर घाट अशा नावांनी जुन्या कागदपत्रांत आढळतात.

अशा वाटेच्या मधोमध जो बसेल त्याच्या हाती किल्ली राहते. ही गोष्ट ज्यानं ओळखली त्याचं नाव जयबा मुकणे. महादेव कोळी समाजातला हा पुरुष, आणि मुकणे हे गाव आहे घाटमाथ्यावर, इगतपुरीकडे. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला तो खाली उतरला आणि त्यानं जव्हारचं राज्य उभं केलं. त्याबद्दलची दंतकथा गॅझेटिअरमध्ये दिलेली आहे. जयबानं इथल्या राजाकडे फक्त एका बैलाच्या कातड्याएवढी जागा मागितली. राजा हसून हो म्हणाला. जयबानं त्या कातड्याच्या बारीक वाद्या काढल्या, एकीला एक जोडली आणि त्या वादीनं सगळा मुलूखच वेढून घेतला. अशी कथा जगात इतरत्रही, कार्थेजच्या राणीबद्दल सांगतात. पण आपल्याकडे ती जव्हारला चिकटली. जयबाच्या मुलाला १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाकडून नेमशहा हा किताब मिळाला. तेव्हापासून १९४८ साली मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत, म्हणजे सहाशे वर्षं, मुकणे घराणं गादीवर राहिलं. संस्थान लहानच, शेवटी शेवटी सुमारे ३१० चौरस मैलांचं. दिल्ली, गुजरात, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज हे सगळे आजूबाजूला येऊन गेले, तरी जव्हार टिकलं. अवघड डोंगराचा आणि वाटेवरच्या जागेचा त्यात मोठा वाटा होता.

शिवाजी महाराजांनी जानेवारी १६६४ मध्ये सुरत लुटली. त्या मोहिमेच्या वाटेवर जव्हारच्या माळावर महाराजांची आणि राजे विक्रमशहांची भेट झाली, तिथं शिरपेचाचा मान झाला, म्हणून त्या जागेचं नाव शिरपामाळ, असं जव्हारकर अभिमानानं सांगतात. आजही तिथं स्मारक आहे. पण भेटीच्या गोष्टीबरोबर पुढची गोष्टही सांगायला हवी. आठच वर्षांनी, १६७२ च्या जूनमध्ये, मोरोपंत पिंगळे मोठी फौज घेऊन आले आणि त्यांनी जव्हार जिंकून घेतलं. सतरा लाखांचा खजिना हाती लागल्याचं सर जदुनाथ सरकारांनी लिहिलं आहे. त्यानंतर रामनगर, म्हणजे आजच्या धरमपूरकडचा मुलूखही मराठ्यांकडे आला. खजिना मोलाचा होताच, पण खरं मोल वाटेचं होतं. कल्याणहून उत्तर कोकणातून सुरतेकडे जाणारा जवळचा आणि सुरक्षित रस्ता त्यामुळे मोकळा झाला.

खालच्या टोकालाही तेच. मनोरजवळ अशेरीगड आहे. महामार्गावरून जाताना त्याचा कातळमाथा दिसतो. पोर्तुगीजांनी तो जवळजवळ पावणेदोनशे वर्षं धरून ठेवला. मनोरची खाडी आणि आसपासचं सागाचं रान, या दोन्हींवर त्यांची नजर होती. इथला साग जहाजांना लागायचा. चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत, १७३९ पर्यंत, हा सगळा पट्टा मराठ्यांकडे आला.

इथपर्यंतच्या इतिहासात एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. वाटेवरून फौजा जातात, गोणी जातात, साग जातो, यात्रेकरू जातात. वाटेवर राहणारा वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांच्यातला साधा माणूस मात्र या नोंदींत फारसा दिसत नाही. तो नाचणी-वरई पिकवत होता, रान राखत होता आणि कुणाचं तरी ओझं वाहत होता.

मग रेल्वे आली आणि या वाटेचं नशीब फिरलं. १८६० च्या दशकात पाचेक वर्षांच्या आत दोन लोहमार्ग झाले. एक किनाऱ्यानं, पालघर-डहाणूवरून सुरतेकडे. दुसरा कल्याणहून थळ घाट चढून १८६५ साली इगतपुरीला. मीठ, धान्य, कापूस, माणसं सगळं रेल्वेत चढलं. आग्रा रस्ताही थळ घाटातूनच गेला. मधला जव्हार-मोखाड्याचा प्रदेश दोन रुळांच्या मधे राहून गेला. त्यातही जव्हार संस्थानी आणि मोखाडा इंग्रजांच्या ठाणे जिल्ह्यात, शहापूर तालुक्याची पेठ म्हणून. एकच डोंगर, एकच माणसं, पण सरकारं दोन. जिथं शतकानुशतकं तांडे जात होते ती वाट आता आडवाट झाली. आज आपण या भागाला 'दुर्गम' म्हणतो. मला हा शब्द नेहमी खटकतो. हा भाग जन्मतः दुर्गम नव्हता. नवे रस्ते आणि रूळ दुसरीकडून गेले, म्हणून तो दुर्गम झाला.

संस्थानचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे यांनी जव्हारला जयविलास राजवाडा बांधला. कुडाण गावाला आपल्या पूर्वजाच्या नावावरून विक्रमगड हे नाव दिलं. जव्हारची नगरपालिका तर १९१८ पासूनची. पण गावाबाहेर पडलं की वेगळं जग होतं. १९४५ नंतर श्यामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली समाज वेठबिगारीविरुद्ध उभा राहिला. उठाव तलासरी-डहाणू-उंबरगावकडे पेटला, पण त्याची धग इथल्या डोंगरांपर्यंत पोचली.

स्वातंत्र्यानंतर रस्ता रुंदावला, डांबरी झाला, एसटी धावू लागली. त्याच काळात नदीचंही एक वेगळं कामकाज सुरू झालं. मुंबईची तहान भागवायला वैतरणेवर धरणं झाली. १९५७ साली मोडकसागर, १९७३ साली वरच्या बाजूला ऊर्ध्व वैतरणा आणि २०१२ साली मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा. या डोंगरात वर्षाला शंभर इंचांहून जास्त पाऊस पडतो. पाणी मोठ्या नळांमधून मुंबईला जातं. आणि एप्रिल-मे महिन्यात मोखाड्याच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लागते. ही रांग मी अनेक उन्हाळ्यांत पाहिली आहे. टँकर येतो तो याच रस्त्यानं.

या रस्त्याला फाटे आहेत. एसटीतून जाताना कंडक्टर फाट्याचं नाव पुकारतो, दोनचार माणसं उतरतात, डोक्यावर बोचकं घेतात आणि डोंगराआड दिसेनाशी होतात. ती कुठं जातात हे गाडीत बसलेल्याला दिसत नाही. १९९२-९३ मध्ये ते साऱ्या महाराष्ट्राला दिसलं. जव्हार तालुक्यात वावर आणि वांगणी ही गावं आहेत. तिथं शंभरहून जास्त बालकं कुपोषणानं आणि त्यापाठोपाठ येणाऱ्या आजारांनी दगावली. मुंबईपासून फार तर दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर! वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, विधिमंडळात गदारोळ झाला. तेव्हाचे मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक जव्हारला आले. जव्हारला अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय सुरू झालं, योजना आल्या, गाड्यांचे ताफे आले. 'वावर-वांगणी' हे जोडनाव तेव्हापासून मराठीत कुपोषणाला पर्यायी शब्द झालं. ज्या गावांची नावं बाहेर कुणाला ठाऊक नव्हती ती अशी ठाऊक झाली, याचं दुःख तिथल्या माणसांना आजही आहे.

त्या घटनेची कारणं बरीच होती. पोटाला अन्न नाही, हाताला काम नाही, कमी वयात लग्नं, दवाखाना लांब. रस्ता हे त्यातलं एक कारण, पण इतर सगळ्या कारणांना जोडणारं. धान्य यायचं तर रस्ता लागतो, डॉक्टर यायचा तर लागतो, आजारी पोर न्यायचं तरी लागतो. जव्हारला पतंगशहा कुटीर रुग्णालय होतंच. प्रश्न होता पाड्यापासून रुग्णालयापर्यंतच्या अंतराचा. हे अंतर किलोमीटरमध्ये मोजून भागत नाही. ओढ्याला पूर आला की तीन किलोमीटरचे तीस होतात.

वावर-वांगणीनंतर काहीच झालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. बऱ्याच पाड्यांपर्यंत सडका गेल्या, आश्रमशाळा झाल्या, अंगणवाड्या झाल्या. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि जव्हार-मोखाड्याच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी ठाण्याला जायची गरज उरली नाही. तो याच रस्त्यानं पालघरला जातो. पण ऑगस्ट २०२२ मध्ये, म्हणजे वावर-वांगणीनंतर तीस वर्षांनी, मोखाडा तालुक्यातल्या मरकटवाडीत एका मातेची जुळी बाळं जन्मतःच दगावली आणि त्या बाईला झोळीत घालून निसरड्या वाटेनं सुमारे तीन किलोमीटर न्यावं लागलं. गाडी पोचेल असा रस्ता वाडीला नव्हता. हमरस्ता राष्ट्रीय झाला, पण फाट्यापुढची वाट तशीच राहिली.

दिवाळी झाली की या रस्त्यावर आणखी एक दृश्य दिसतं. भात, नाचणी कापून झालेली असते. उचल घेतलेली असते. मग टेम्पोत भांडी, कोंबड्या, पोरं आणि म्हातारी माणसं बसवून कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांकडे निघतात. भिवंडी, वसई, कल्याण. होळीला काही जण परततात, बाकीचे पावसाच्या तोंडावर. शाळेतल्या बाकांवर तेवढे महिने जागा रिकाम्या राहतात. साग गेला, पाणी गेलं, त्याच वाटेनं माणसांचे हातही जातात.

हे सगळं आज सांगायचं कारण आहे. डहाणूजवळ वाढवण इथं मोठं बंदर होऊ घातलं आहे. त्याची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. या बंदरापासून समृद्धी महामार्गापर्यंत, इगतपुरीजवळच्या भरवीरपर्यंत, सुमारे १०५ किलोमीटरचा मालवाहतुकीचा द्रुतगती रस्ता करायला राज्य सरकारनं ऑगस्ट २०२५ मध्ये मंजुरी दिली. तो डहाणू, विक्रमगड, जव्हार, मोखाडा या तालुक्यांतून वर चढणार आहे. नकाशा समोर ठेवून पाहा. खाली बंदर, वर घाटमाथा, मधे जव्हार. बैलांचे तांडे ज्या दिशेनं जात त्याच दिशेनं आता कंटेनर जातील. रेल्वेनं दीडशे वर्षांपूर्वी जी वाट मोडली ती पुन्हा सुरू होईल.

याचा मला आनंदच आहे. रस्ता नको असं या भागातलं कुणी म्हणत नाही, मीही म्हणणार नाही. पण द्रुतगती रस्त्याचा एक स्वभाव असतो. त्याला फाटे नसतात. त्यावर चढायच्या आणि उतरायच्या जागा मोजक्या असतात आणि दोन्ही बाजूंनी कुंपण असतं. तिथं एसटी हात दाखवून थांबवता येत नाही. म्हणून जमिनीची मोजणी होईल तेव्हा इथल्या ग्रामसभांनी, आमदार-खासदारांनी आणि आपल्यासारख्या वर्तमानपत्र वाचणाऱ्यांनीही काही साधे प्रश्न विचारावेत. जव्हार आणि मोखाडा तालुक्यांत या रस्त्यावर चढायला जागा कुठं ठेवली आहे? तिथून कुटीर रुग्णालय किती लांब आहे? ज्यांच्या शेतातून तो जाणार त्यांच्या पाड्यांना भर पावसात गाडी पोचेल असा जोडरस्ता त्याच खर्चात, त्याच मुदतीत होणार आहे का? या प्रश्नांची उत्तरं पहिली खडी पडण्याआधी कागदावर यायला हवीत. नंतर विचारून उपयोग होत नाही, हे वावरच्या माणसाला कुणी शिकवायला नको.