वलुरकाच्या दाराशी

एकवीरेच्या रांगेतून बाजूला व्हा, कार्ल्याच्या लेण्यासमोरच्या सिंहस्तंभापाशी या आणि सुमारे 1900 वर्षं मागे चला. देऊळ नाहीसं होतं, पायऱ्यांवरची दुकानं जातात. आता या डोंगराचं नाव वलुरक. पायांना कातळाच्या ताज्या कपच्या टोचतात, टाकीचे घाव कानात बसतात. खाली मावळातून बोरघाटाच्या वाटेने माल बंदरांकडे चालला आहे.

मान वर करा. खांबाच्या माथ्यावर चार सिंह पाठीला पाठ लावून बसलेत. हे दान महारठी अग्निमित्रणकाचं, तसं खांबावरच कोरलंय. पण लेणं एकट्या सरदाराचं नाही. आत जा, खांबाखांबावर नावं आहेत. धेनुकाकटाहून आलेले, स्वतःला यवन म्हणवणारे दाते आहेत. दाराचं दान एका गंध्याने, सुगंधी द्रव्यं विकणाऱ्याने केलं. स्त्रीपुरुषांच्या देखण्या जोड्यांपैकी दोन तर एका भिक्षूने दिल्या! आणि वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल भिंतीवर लिहवून घेतो की हे शैलगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम आहे. सुमारे 124 फूट लांब आणि 45 फूट उंच असा हा सभामंडप, एकही दगड न रचता डोंगरातून कोरून काढलेला. इथे उभं राहून त्याचं म्हणणं मला तरी अतिशयोक्त वाटत नाही.

मला मात्र तुम्हाला भेटवायचाय तो सामी. वेणुवासाचा मुलगा, धेनुकाकटाचा, धंद्याने सुतार. कातळावर सुताराचं काय काम? छताकडे बघा. कमानीच्या फासळ्या खऱ्या लाकडाच्या आहेत, स्तूपावरचं छत्रही लाकडी. लाकडी वाड्याचं रूपच इथे दगडात उतरवलंय, म्हणून लाकूड जाणणारा हात इथे लागतो. त्यातही हा कातळ भारी कठीण, आणि एकदा उडालेली कपची परत जोडता येत नाही.

सामीने घडवलं ते लेण्याचं मुख, म्हणजे ज्यातून तुम्ही आत आलात ते दार. पैसे देणाऱ्यांची नावं जगभर दगडांवर सापडतात. घडवणाऱ्याचं फार क्वचित. वलुरकात ते दाराशीच कोरलंय, बापाच्या नावासकट, धंद्यासकट, गावासकट.