आधी कूज की आधी बुरशी?

पाऊस लागला की मला एक फोटो हमखास येतो. सोसायटीतल्या गुलमोहराच्या बुंध्याला खाकी, कडक, कपाटाच्या फळीसारखं काहीतरी फुटलेलं असतं, आणि खाली प्रश्न: "हे काय आहे? खरवडून टाकू का?"

आपल्याकडे ही गोष्ट नवी नाही. फणसाच्या खोडावर येते तिला फणसोंबा म्हणतात. लहान मुलाचं तोंड आलं की ती उगाळून लावायची जुनी रीत आहे. पण ती झाडाचं काय करते, हा प्रश्न सुटला जर्मनीत, आणि तोही एका घरातच.

हार्टिग घराण्यात तीन पिढ्या वनशास्त्र. थिओडोर हार्टिगने 1833 मध्ये कुजक्या लाकडात सूक्ष्मदर्शकाखाली बारीक धागे पाहिले. म्हणजे उत्तर डोळ्यांसमोर होतं! पण त्याला वाटलं, लाकूड कुजलं की हे धागे त्यातूनच आपोआप तयार होतात. तेव्हा बहुतेकांचं मत हेच: आधी कूज, मग बुरशी.

त्याचा मुलगा रॉबर्ट. त्याने बाहेरची फळी आणि आतलं लाकूड यांची जोडी लावायला सुरुवात केली. कुठल्या बुरशीबरोबर कुठल्या प्रकारची कूज येते, हे तो झाडामागून झाड तपासत गेला. 1874 आणि 1878 च्या त्याच्या पुस्तकांनी वडिलांचं मत उलटं केलं: बुरशी आधी, कूज नंतर. विशेष म्हणजे 1874 मध्ये वडील हयात होते. त्या घरातलं जेवणाच्या टेबलावरचं बोलणं ऐकायला मला फार आवडलं असतं.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. बाहेर दिसते ती फळी म्हणजे बुरशीचं फळ. खरी बुरशी आत लाकडात, बऱ्याचदा कित्येक वर्षं आधीपासून. आंबा तोडल्याने आंब्याचं झाड मरतं का? तसंच हे. खरवडून हाताला समाधान मिळतं, बाकी काही नाही.

मग उपाय काय? अमेरिकेत जॉन डेव्ही या माळ्याने 1901 मध्ये 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक लिहिलं आणि झाडांची 'सर्जरी' हा धंदाच उभा राहिला. कूज कोरून काढा, पोकळीत सिमेंट भरा, जखमेला रंग फासा. दाताच्या डॉक्टरसारखं!

हे मोडून काढलं अॅलेक्स शिगोने. अमेरिकेच्या वनखात्यातला हा माणूस चेनसॉने हजारो झाडं उभी चिरून बघत होता. 1977 मध्ये त्याने मांडलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजका भाग आतून भिंती घालून कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड वाढवतं. पोकळी कोरताना आपण नेमकी तीच भिंत फोडतो. रंगानेही कूज थांबत नाही. (बागायतदार छाटणीनंतर बोर्डो पेस्ट लावतात ते वेगळं: ताज्या जखमेवर बीजाणू रुजू नयेत म्हणून. आत मुरलेली कूज त्यानेही जात नाही.)

तेव्हा फोटो पाठवणाऱ्यांनो, आधी जागा बघा. फळी वरच्या फांदीवर असेल तर ती फांदी जाणकाराकडून कापून घ्या. तळाशी जो फुगीर कडा असतो तो मात्र शाबूत ठेवायचा, कारण भिंत तिथेच उभी राहते. फळी जमिनीलगत, मुळांपाशी असेल तर गोष्ट गंभीर. मुळं कुजलेलं झाड वरून हिरवंगार दिसत असतानाही पडतं. लाकडी हातोडीने खोडावर हलकंच ठोका. पोकळ आवाज आला तर खाली गाडी लावू नका, पोरांना खेळू देऊ नका आणि पालिकेच्या उद्यान विभागाला लेखी कळवा. स्वतः कुऱ्हाड घेऊन जाऊ नका. शहरात झाड तोडायला 1975 च्या कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

आणि हो, पुढचा फोटो पाठवताना शेजारी एक नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो. बुंध्याचा जमिनीलगतचा भागही फ्रेममध्ये येऊ द्या.