न दुखणाऱ्या रोगाच्या मागावर

अंगावर एक फिकट चट्टा उठतो. तो खाजत नाही, दुखत नाही, टाचणी टोचली तरी कळत नाही. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी कोणी मजुरी बुडवून दवाखान्यात जात नाही. मग काही वर्षांनी बोटे वाकतात, पायाला जखम होते, आणि तोवर घरातल्या माणसांनाही लागण झालेली असू शकते. १९५१ साली वर्ध्यात सुरू झालेल्या गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनने कुष्ठरोगाची ही खोड नेमकी ओळखली, असे मला वाटते. रोगी येण्याची वाट पाहायची नाही, आपणच त्याच्या दारी जायचे, हे त्या संस्थेने ठरवले.

सेवेची परंपरा वर्ध्यात आधीपासून होती. विनोबांच्या प्रेरणेने मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये दत्तपूरला कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभारले. सेवाग्राम आश्रमात गांधीजी कुष्ठरोग झालेल्या संस्कृत पंडित परचुरे शास्त्रींच्या अंगाला स्वतः मालिश करीत. त्यांच्यासाठी बांधलेली कुटी आजही आश्रमात उभी आहे. ज्या काळात ‘रक्तपिती’ म्हटले की गाव पाठ फिरवी, त्या काळात या स्पर्शाचे मोल किती मोठे होते! पण आश्रयस्थान कितीही मायेचे असले तरी तिथे पोहोचणारे थोडे. बहुतेक रोगी खेड्यांतच राहत, आणि आपल्याला काय झाले आहे हे त्यांतल्या अनेकांना ठाऊकही नसे.

तोवर कुष्ठरोगावर डॅप्सोनची गोळी आली होती. स्वस्त आणि घरी बसून घेता येणारी. फाउंडेशनच्या डॉ. आर. व्ही. वारदेकरांनी तिच्याभोवती पद्धत बसवली: सर्वेक्षण, शिक्षण, उपचार. प्रशिक्षित कार्यकर्ता वाटून दिलेल्या गावांत घरोघर जाई, प्रत्येकाचे अंग तपासे, पिसाने किंवा कापसाने चट्ट्यावरची संवेदना पाही, कोपराजवळची नस जाड झाली आहे का ते चाचपून पाही. रोगी सापडला की त्याला गावातच गोळ्या मिळत. कुणाला घर सोडावे लागत नसे. शिक्षणाचा भाग सर्वांत अवघड. हा रोग पूर्वजन्माचे पाप नव्हे, जंतूमुळे होतो, हे चावडीवर पुन्हा पुन्हा सांगावे लागे. नॉर्वेच्या हॅन्सनने तो जंतू १८७३ मध्येच पाहिला होता. तरी आपल्या खेड्यात ती बातमी पायी पोहोचवावी लागली. १९५५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रमात हीच पद्धत देशभर गेली.

पुढे डॅप्सोनला दाद न देणारे जंतू आढळू लागले. मग १९८० च्या दशकात रिफॅम्पिसिन, क्लोफॅझिमिन आणि डॅप्सोन यांचा बहुविध औषधोपचार आला. ज्या जिल्ह्यांत तो भारतात सर्वप्रथम राबवला गेला, त्यांत वर्धा आणि बंगालमधील पुरुलिया होते. वर्षानुवर्षे चालणारा उपचार पुढे सहा किंवा बारा महिन्यांवर आला. क्लोफॅझिमिनने कातडी काळवंडते, त्यामुळे रोग आपोआप उघडा पडतो, ही भीती कार्यकर्त्याला घरात बसून घालवावी लागे.

डिसेंबर २००५ मध्ये देशाने दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे ‘निर्मूलना’चे उद्दिष्ट गाठले. निर्मूलन या शब्दाने मोठा घोटाळा केला, असे माझे मत आहे. रोग संपला असे समजले गेले आणि घरोघरचा शोध मंदावला. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात असतात. ३० जानेवारी हा गांधीजींचा स्मृतिदिन आपल्याकडे कुष्ठरोगविरोधी दिन म्हणून पाळतात. आता तोच दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांचा जागतिक दिवसही आहे. नव्या रुग्णांत अजून लहान मुले असतात. मुलाच्या अंगावर चट्टा दिसला, की आसपास कुठेतरी न सापडलेला, उपचार न घेतलेला एक मोठा माणूस असतो.