बाटलीवर नाव कोणाचे?



गेल्या हंगामातली गोष्ट. माझ्या वर्गातला एक विद्यार्थी तास संपल्यावर रेंगाळत माझ्याकडे आला. घरी तीन एकर द्राक्षबाग. वडिलांनी सोसायटीचे कर्ज काढून माल पिकवला, व्यापाऱ्याने तो बांधावरच घेतला. पेट्या भरायला हा मुलगा स्वतः बसला होता. तो म्हणाला, "सर, घड आम्ही तोडले, पेटी आम्ही भरली, पण पेटीवर छापलेलं नाव व्यापाऱ्याचं. खाणाऱ्याला आमचं गावसुद्धा कळत नाही. आम्ही आहोत तरी कुठे?"

मी इतिहास शिकवणारा माणूस. बाजारभावाचे औषध माझ्याजवळ नाही. पण हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फ्रान्सच्या द्राक्ष-शेतकऱ्यांनी विचारला होता, आणि तो विचारताना त्यांनी लाठ्या व गोळ्याही खाल्ल्या होत्या. त्या मुलाला जी हकीकत मी सांगितली, तीच आज आपल्यापुढे ठेवतो.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. ही हकीकत वाइनची, म्हणजे द्राक्षाच्या आंबवलेल्या रसाची आहे. ती प्यावी की पिऊ नये, हा आजचा विषय नाही. आपल्याकडे उसाचा गूळ होतो, तशी फ्रान्सच्या खेड्यात द्राक्षाची वाइन होते. गुऱ्हाळावाचून ऊसकऱ्याची गोष्ट सांगता येत नाही, तशी पिंपावाचून तिथल्या द्राक्ष-शेतकऱ्याची गोष्ट सांगता येत नाही.

तर १८६० नंतरची काही वर्षे. दक्षिण फ्रान्समधल्या बागांत वेली अकारण वाळू लागल्या. पाने पिवळी पडत, घड सुकत, आणि वेल उपटून पाहावी तर मुळे कुजलेली. कोणी जमिनीला दोष दिला, कोणी हवेला, कोणी देवाच्या कोपाला. १८६८ साली माँपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लाँशाँ आणि त्याचे सोबती यांनी मुळे खणून भिंगाखाली धरली. तेव्हा त्यांवर माव्याच्या जातीचे बारीक पिवळे किडे दिसले. हाच तो फिलॉक्सेरा. अमेरिकेतून आणलेल्या वेलींबरोबर तो समुद्र ओलांडून आला होता. १८७५ साली फ्रान्समध्ये सुमारे ८ कोटी ४५ लाख हेक्टोलिटर वाइन झाली होती. १८८९ साली ती सुमारे २ कोटी ३४ लाखांवर आली. एक हेक्टोलिटर म्हणजे शंभर लिटर. सुपारीएवढ्याही नव्हे, राईच्या दाण्याहून लहान किड्याने देशाचे पीक चौथ्या हिश्श्याच्या जवळपास आणून ठेवले.

उपाय सापडला तोही अमेरिकेतच. तिथल्या जंगली वेलींची मुळे ह्या किड्याला दाद देत नाहीत. म्हणून खाली अमेरिकन खुंट आणि वर फ्रेंच डोळा अशी कलमे सुरू झाली. आपल्या नाशिक-सांगलीकडचे बागाईतदार आज डॉगरीजच्या खुंटावर कलम बांधतात, तो खुंटही मूळचा अमेरिकेतलाच. आपल्याकडे तो मुख्यतः खारवट जमीन आणि पाण्याची ओढ सोसण्यासाठी लावतात, एवढाच फरक.

पण बाग पुन्हा उभी करायला पैसा लागतो आणि वर्षे लागतात. तेवढ्या काळात बाजार थांबत नाही. गिऱ्हाइकाला वाइन हवी आणि द्राक्षे तर नाहीत. मग बेदाणे भिजवून त्यांची वाइन होऊ लागली. एकदा पिळलेल्या चोथ्यावर साखरपाणी ओतून दुसरा, तिसरा रस निघू लागला. अल्जीरियातून वाइन येऊ लागली. टंचाईच्या दिवसांत हे खपून गेले. पुढे खऱ्या बागा फळाला आल्या, तरी खोटा माल बाजारातून उठेना. त्यात १९०३ साली साखरेवरचा कर उतरला आणि साखर स्वस्त झाली. शेतकरी कलमांचे कर्ज फेडत होता आणि त्याची पिंपे तळघरात पडून होती. घेणारा कोणी नाही, घेतलीच तर खर्चही निघू नये अशा भावाने.

ह्या अंधारात एक माणूस पुढे आला. त्याचे नाव मार्सेलँ आल्बेर. लांगदोक प्रांतातल्या आर्झेलिए नावाच्या खेड्यात त्याची थोडीशी बाग होती आणि एक छोटे कॉफीघर होते. ११ मार्च १९०७ रोजी तो गावातल्या ८७ शेतकऱ्यांना घेऊन नार्बोन शहरी निघाला. वाइनच्या संकटाची चौकशी करायला संसदेची समिती तिथे आली होती. समितीने म्हणणे ऐकून घेतले आणि ही मंडळी परत आली. वर पाहता एवढेच घडले. पण दर रविवारी एकेका गावी सभा भरू लागली. १२ मे रोजी बेझिए येथे दीड लाख माणसे जमली. ९ जूनला माँपेलिए येथे जमलेल्यांचा आकडा पाच लाखांच्या वर गेला. बाया होत्या, पोरे होती, बागमालक आणि त्यांचे मजूर एकाच रांगेत होते. नार्बोनचे नगराध्यक्ष डॉक्टर फेरूल यांनी राजीनामा दिला, त्यांच्या मागोमाग शेकडो गावांच्या कारभाऱ्यांनी दिला. कर भरायचा नाही, असे ठरले.

पंतप्रधान क्लेमाँसो यांनी फौज धाडली. १९ जूनला फेरूल यांना पकडले. १९ आणि २० जून ह्या दोन दिवसांत नार्बोनमध्ये गोळीबार होऊन माणसे मारली गेली. ही बातमी जवळच छावणी असलेल्या सतराव्या पायदळ पलटणीत पोचली. पलटणीतले बहुतेक शिपाई त्याच मुलखातले, शेतकऱ्यांचेच पोरगे. सुमारे पाचशे जणांनी बंड केले आणि रातोरात चालत ते बेझिएला आले. आपल्या बापावर बंदूक धरणार नाही, हे त्यांचे म्हणणे. पुढे त्यांची रवानगी ट्यूनिशियातल्या गाफ्सा येथे झाली.

आणि आल्बेर? तो लपतछपत पॅरिसला पोचला आणि २३ जूनला थेट क्लेमाँसोंसमोर उभा राहिला. आंदोलन शांत करतो, असे त्या भोळ्या माणसाने कबूल केले. परतीच्या भाड्यासाठी क्लेमाँसोंनी शंभर फ्रँकची नोट पुढे केली आणि त्याने ती घेतली. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट वर्तमानपत्रांत आली. ज्या लोकांनी त्याला खांद्यावर घेतले होते, त्यांनीच त्याला विकला गेलेला ठरवले. १९२१ साली तो गरिबीत वारला. पुढारी कसा घडतो आणि कसा मोडतो, हे वर्गात सांगायचे झाले, तर ही एक नोट पुरे आहे.

तरीही आंदोलन फुकट गेले नाही. २९ जून १९०७ रोजी कायदा झाला. दर वर्षी किती जमीन आणि किती वाइन, हे शेतकऱ्याने जाहीर करायचे ठरले. वाइनसाठीच्या साखरेवर जादा कर बसला. भेसळ पकडायला सरकारी खाते उभे राहिले. सप्टेंबरात शेतकऱ्यांनी स्वतःचा महासंघ काढला. मात्र इतिहासकाराने इथे खरे बोलले पाहिजे. भाव पडण्याचे सारे पाप भेसळीचे नव्हते. नव्या बागा मैदानी जमिनीवर लावल्या होत्या, त्यांत पीक भरमसाट येई. माल जास्त झाला होता आणि तो शेतकऱ्यांनीच पिकवला होता. हे ऐकायला कडू आहे, पण कांदा पिकवणाऱ्याला वेगळे समजावून सांगायला नको.

कायद्याने भेसळीला लगाम घातला, पण शेतकऱ्याला नाव दिले नाही. ते त्याला स्वतःच मिळवावे लागले. त्याचे दोन रस्ते निघाले.

पहिला रस्ता एकत्र येण्याचा. बेझिएजवळच्या मारोसाँ गावी १९०१ सालीच लहान शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली होती. "मुक्त द्राक्ष-शेतकरी" असा तिच्या नावाचा अर्थ. त्यांनी दलाल टाळून पॅरिसमधल्या कामगारांच्या ग्राहक संस्थांना थेट वाइन विकली. समाजवादी पुढारी झाँ झोरेस १९०५ साली मुद्दाम तिथे जाऊन आले. आपल्या प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. तो ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मारोसाँची गोष्ट परकी वाटणार नाही.

दुसरा रस्ता बर्गंडी प्रांताचा. तिथे जमिनीचे तुकडे फार. १८०४ च्या नेपोलियनच्या संहितेने सर्व मुलांना वारसाहक्क सारखा दिला, आणि पिढीगणिक वाटण्या होत गेल्या. क्लो द वूझो नावाची भिंतीने वेढलेली एक प्रसिद्ध बाग आहे, साधारण ५० हेक्टरांची. १८८९ पर्यंत ती एका मालकाची होती, आज तिचे सुमारे ८० मालक आहेत. कोणाकडे वेलींच्या चार ओळी, कोणाकडे दहा. एवढ्या मालाची बाटली कोण भरणार? म्हणून शेतकरी पिंपे व्यापाऱ्याला देई. व्यापारी दहा जणांचा माल एकत्र करी, कधी दूरच्या मुलखातला स्वस्त मालही त्यात ओती, आणि वर नामवंत गावाची चिठ्ठी लावी. व्होल्ने गावचे मार्की दांझेरव्हिल यांनी ह्या लबाडीवर उघड बोट ठेवले. व्यापाऱ्यांनी त्यांचा माल घेणे बंद केले. तेव्हा त्यांनी आपल्याच तळघरात बाटल्या भरून थेट गिऱ्हाइकाला विकल्या. न्वी गावचे आंरी गूझ आणि आणखी काही जण १९२० ते १९३५ च्या सुमारास ह्याच वाटेने गेले. अडवणूक करायला गेलेल्यांनी वाटच मोकळी करून दिली, असे म्हणायला हरकत नाही.

ह्या सगळ्याला सरकारी शिक्का मिळाला तो ३० जुलै १९३५ च्या हुकमाने. जोसेफ काप्यू हे कृषितज्ज्ञ आणि शातोनफ-दु-पाप गावचे बागमालक बॅरन ल र्‍वा यांनी त्यासाठी खटपट केली. गावाचे नाव लावायचे, तर माल त्याच शिवारातला हवा, ठरलेल्या जातींचाच हवा, आणि एकरी उत्पन्न मर्यादेत हवे. १९३६ साली पहिल्या गावांना असे नाव मिळाले. भौगोलिक निर्देशांकाचा आपला १९९९ चा कायदा ह्याच विचाराच्या कुळातला. गोव्याच्या फेणीला आणि नाशिकच्या द्राक्षांना त्याखाली नोंदणी मिळाली आहे.

आज फ्रान्समध्ये स्वतः पिकवून, स्वतः आंबवून, स्वतः बाटली भरणाऱ्या शेतकऱ्यांची एक संघटना आहे, १९७८ साली स्थापन झालेली. पिंप वाहून नेणाऱ्या माणसाचे चित्र ही त्यांची खूण. त्यांच्या जत्रा भरतात, तिथे गिऱ्हाईक प्रत्यक्ष शेतकऱ्याशी बोलून माल घेते. शाँपेनच्या बाटलीवर तर दोन बारीक अक्षरे असतात. "आर एम" असेल, तर शेतकऱ्याने स्वतःच्या द्राक्षांची केलेली, "एन एम" असेल, तर कंपनीची, तिला द्राक्षे बाहेरून विकत घेता येतात. लहान शेतकऱ्याचा माल शोधणारे लोक आधी ही अक्षरे वाचतात. प्रत्येक लहान शेतकऱ्याची वाइन उत्तमच, असे मात्र कोणी समजू नये. नाव लावले की चांगल्याचे श्रेय आपले, तशी वाईटाची लाजही आपलीच.

हेच मी त्या विद्यार्थ्याला सांगितले. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे सर, पेटीवर नाव छापणं सोपं. पण त्या नावाला जागणं दरवर्षी आलं."

मला वाटते, इतिहासाच्या एका तासात ह्याहून अधिक काही हाती लागायचे नाही. शिक्षकबंधूंनी नकाशावर नार्बोन आणि बेझिए मुलांना जरूर दाखवावे. आणि बागाईतदार मंडळींनी पुढची पेटी भरताना क्षणभर थांबून तिच्यावरचे नाव वाचावे.