गुण, वर्ग आणि टर्म



१८५८ साली कलकत्ता विद्यापीठाने बी. ए.ची पहिली परीक्षा घेतली. विषय सहा होते. निकाल तयार झाला तेव्हा सर्व विषयांत उत्तीर्ण झालेला एकही उमेदवार आढळला नाही. मग विद्यापीठाच्या चालकांनी विचार केला आणि असे ठरविले की, ज्यांनी पाच विषय चांगल्या रीतीने पार पाडले आहेत व सहाव्यात जे सातांहून अधिक गुणांनी कमी पडलेले नाहीत, त्यांना पदवी द्यावी. असे दोघेच निघाले. त्यांना दुसऱ्या वर्गात बसविण्यात आले. एकाचे नाव जदुनाथ बोस आणि दुसऱ्याचे बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. ‘वंदे मातरम्’चे कर्ते ते हेच.

हा प्रसंग मी बंकिमबाबूंना उणेपणा आणण्यासाठी सांगत नाही. त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते, ती अशी की, पास आणि नापास यांमधली रेघ माणसे आखतात, आणि वेळ आली की ती माणसेच सरकवतात. म्हणूनच ती कोणी आखली, कशासाठी आखली, आणि तिच्या पलीकडे कोण राहिले, हे विचारण्याचा अधिकार आपणा सर्वांना आहे.

विद्यापीठात विद्यार्थ्याची जी इयत्ता ठरते तिच्यात तीन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. पहिली, त्याला किती येते. दुसरी, इतरांच्या रांगेत त्याचा नंबर कितवा. तिसरी, त्याला पुढे जाऊ द्यायचे की नाही. या तिन्ही एकच आहेत असे आपण समजून चालतो, आणि घोटाळा होतो तो तेथेच.

नंबराची हकीकत मोठी बोधप्रद आहे. अमेरिकेतील हार्वर्ड महाविद्यालयात १७७२ पर्यंत विद्यार्थ्यांची नावे यादीत लागत ती गुणांप्रमाणे नव्हे, तर घराण्याच्या प्रतिष्ठेप्रमाणे. बाप मोठा, तर मुलाचे नाव वर! पंगतीत कोणी कोठे बसावे याचे शास्त्र आपल्याकडेच होते असे नाही. पुढे १७८५ साली येल येथील अध्यक्ष एझ्रा स्टाइल्स यांनी आपल्या रोजनिशीत परीक्षा दिलेल्या अठ्ठावन्न विद्यार्थ्यांची उत्तम, दुय्यम, कनिष्ठ आणि त्याहून खालचे अशी चार गटांत वाटणी नोंदवून ठेवली. घराणे मागे पडले आणि परीक्षा पुढे आली. ही प्रगती खरीच, आणि तिचे मोल मी कमी करणार नाही.

इंग्लंडात केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेने या नंबराला तर देव्हाऱ्यात बसविले. पहिल्या वर्गातले ते रँग्लर, आणि त्यांतला पहिला तो सीनिअर रँग्लर. १८९९ साली आपले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हा मान मिळवून आले, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने आनंद साजरा केला आणि ‘रँग्लर’ हा शब्द त्यांच्या नावाला जन्मभर चिकटला. पण त्याच परीक्षेत १८९० साली फिलिपा फॉसेट या तरुणीने सीनिअर रँग्लरपेक्षाही अधिक गुण मिळविले होते. तिचा नंबर ‘सीनिअर रँग्लरच्या वर’ असा वाचून दाखविण्यात आला. पदवी मात्र मिळाली नाही, कारण ती स्त्री होती! केंब्रिजने स्त्रियांना पूर्ण पदव्या दिल्या त्या १९४८ साली. ज्ञान सिद्ध झाले होते, नंबरही सिद्ध झाला होता, तरी दार बंदच राहिले. आणि ज्या नंबराचा एवढा डंका वाजला, तो क्रमवारीने जाहीर करण्याची पद्धत केंब्रिजने १९०९ नंतर आपण होऊनच सोडून दिली.

आता आपल्या घराकडे येऊ. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८ जुलै १८५७ रोजी, लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. ते स्वतः शिकवीत नसे. शिकवायचे कॉलेजांनी, आणि परीक्षा घेऊन पदवी द्यायची विद्यापीठाने. १८६२ साली त्याचे पहिले चार बी. ए. बाहेर पडले : महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. यांच्या योग्यतेविषयी मी काय बोलावे!

परंतु पदवीच्या परीक्षेला बसण्यापूर्वी कॉलेजात टर्मा भराव्या लागत. गंमत अशी की, ज्या लंडन विद्यापीठाचा कित्ता आपण गिरविला, त्याने १८५८ सालीच, वैद्यकाचा अपवाद करून, ही अट काढून टाकली होती. कोठेही शिका, घरी शिका, परीक्षा द्या आणि पदवी घ्या. आपण कित्ता घेतला खरा, पण हे पान उलटले नाही.

हे ज्याच्या नजरेतून सुटले नाही तो पुरुष कॉलेजात शिकलेला नव्हता. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. प्राथमिक शिक्षणाविषयी त्यांनी काय मागितले ते पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्याच निवेदनात त्यांनी असेही म्हटले की, मॅट्रिकला खाजगी अभ्यास करून बसता येते ही चांगली गोष्ट आहे, तशीच मोकळीक विद्यापीठाने बी. ए., एम. ए.लाही द्यावी, म्हणजे अनेक तरुण घरी अभ्यास करू लागतील. परीक्षा सोपी करा, असे ते म्हणाले नाहीत. दार उघडा, एवढेच म्हणाले.

मी स्वतः कॉलेजाची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते पाळी संपल्यावर वाचले. ‘ग्रेड’ हा शब्द मला कळला तो पगारपत्रकावरून. तरीही दर्जा सैल करा असे मी कधीच म्हणणार नाही. ज्याला विजेचे काम येत नाही त्याला दया म्हणून पास केले, तर त्याने जोडलेल्या तारेला हात लावून मरतो तो आमचाच माणूस. येते की नाही याचे माप कडकच असले पाहिजे. पण एकोणसाठ टक्क्यांचा मुलगा आणि साठ टक्क्यांचा मुलगा यांच्या कामात फरक काय, हे जाहिरातीत ‘प्रथम वर्ग आवश्यक’ असे छापणाऱ्याने मला कधी समजावून सांगितलेले नाही. १९४८-४९च्या राधाकृष्णन आयोगाने तर पहिल्या वर्गाची रेघ सत्तर टक्क्यांवर असावी असे सुचविले होते. म्हणजे एकाच उत्तरपत्रिकेचा मालक एका रेघेने पहिल्या वर्गात आणि दुसऱ्या रेघेने दुसऱ्यात! त्याच आयोगाने असेही म्हटले होते की, विद्यापीठीय शिक्षणात एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची सुचवू.

सुधारणा हळूहळू आल्या. एखाददुसरा विषय राहिला तरी वर्ष वाया जाऊ नये म्हणून ‘ए. टी. के. टी.’ आली. तिचा अर्थच मुळी ‘टर्म भरण्यास परवानगी’. वस्तीतली पोरे ‘केटी लागली’ असे खाली मान घालून सांगतात, पण मी त्यांना म्हणतो, अरे, ही शिक्षा नव्हे, ही उघडी ठेवलेली खिडकी आहे. बंकिमबाबूंनाही त्यांच्या काळी अशीच एक खिडकी उघडून दिली गेली होती. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले आणि जोतीरावांची मागणी शंभराहून अधिक वर्षांनी बऱ्याच अंशी पुरी झाली. २०१५ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने गुणांऐवजी दहा अंकांची श्रेणी पुढे केली. २०२१ मध्ये मिळविलेली श्रेयांके जमा ठेवण्याची ‘बँक’ काढली. मध्येच शिक्षण सोडावे लागले तर झालेला अभ्यास फुकट जाऊ नये, हा तिचा हेतू.

हेतू चांगला आहे. पण आमच्या चळवळीचा अनुभव असा की, नियम कागदावर आला म्हणजे तो कामगाराच्या पदरात पडला असे होत नाही. मध्येच सोडण्याची सोय झाली, ती गरिबाच्या मुलाला बाहेर जाण्याची वाट ठरते की परत येण्याची, हे पाहावे लागेल. परत येणाऱ्यासाठी संध्याकाळचा वर्ग आहे काय, फी त्याला परवडते काय, मालक परीक्षेपुरती रजा देतो काय, या प्रश्नांची उत्तरे श्रेयांकात मिळत नाहीत. ती मागून घ्यावी लागतात.

वसंत व्याख्यानमालेची परंपरा पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांनी सुरू केली. १८६२च्या त्या चौघांपैकी एकाने, पदवी हाती असताना, असे व्यासपीठ उभारले जेथे येण्यास टर्म भरावी लागत नाही आणि ऐकणाऱ्याला कोणी वर्ग विचारीत नाही. त्यामुळेच माझ्यासारखा माणूस आज आपणांपुढे उभा राहू शकला. आपल्या घरात, आपल्या आळीत एखादा विषय राहून बसलेला मुलगा किंवा मुलगी असेल. तिला किती मिळाले हे विचारण्याआधी, पुन्हा केव्हा बसणार, असे विचारा. एवढीच माझी विनंती आहे.