पायाला हवी मोकळीक : ‘क्लिपलेस’ पेडल निवडताना

विदर्भातील शहरांमध्येही आता पहाटेच्या वेळी बारीक टायरच्या, वाकलेल्या हँडलच्या रोड बाइक दिसू लागल्या आहेत. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकेकट्याने पार केली. तेव्हापासून लांब पल्ल्याच्या सायकलिंगकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलली. अशी सायकल घेतली, की काही महिन्यांतच एक प्रश्न हमखास पुढे येतो : बूट पेडलला अडकवायचे का, आणि अडकवायचे तर कशाने?

नावातला घोळ

बुटाला घट्ट पकडणाऱ्या पेडलला ‘क्लिपलेस’ म्हणजे क्लिपविरहित का म्हणावे, असे कोणालाही वाटेल. पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पाऊल अडकवण्यासाठी पुढे धातूचा पिंजरा आणि वर पट्टा असे. त्याला ‘टो-क्लिप’ म्हणत. बर्फावर घसरण्याच्या स्कीला बूट जोडणारी यंत्रणा बनवणाऱ्या ‘लूक’ या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये तेच तत्त्व सायकलीला लावले. पिंजरा गेला, म्हणून हे पेडल ‘क्लिपलेस’ झाले. बर्नार्ड हिनो याने १९८५ ची ‘टूर द फ्रान्स’ याच पेडलवर जिंकली आणि पट्ट्यांचे दिवस संपत आले. जपानच्या ‘शिमानो’ने १९९० मध्ये ‘एसपीडी’ ही पद्धत आणली. ती मुख्यतः डोंगरी वाटांच्या सायकलींसाठी होती.

तीन बोल्ट की दोन?

बुटाच्या तळाला बसवायच्या तुकड्यास ‘क्लीट’ म्हणतात. चवडा खाली दाबला, की क्लीट पेडलमध्ये ‘कट्’ असा आवाज करून बसतो. टाच बाहेरच्या बाजूस वळवली, की तो सुटतो.

तीन बोल्टचे क्लीट (लूक किऑ, शिमानो एसपीडी-एसएल) मोठे आणि प्लास्टिकचे असतात. त्यांच्यामुळे जोर रुंद भागावर पसरतो व तळपायाला बोचत नाही. मात्र ते तळाच्या बाहेर आलेले असतात. त्यामुळे फरशीवर चालताना पाय घसरतो आणि चालून चालून क्लीटही झिजतो. दोन बोल्टचे एसपीडी क्लीट लहान, धातूचे आणि बुटाच्या तळातील खाचेत दडलेले असतात. तो बूट घालून साध्या बुटाप्रमाणे चालता येते. या पद्धतीची अनेक पेडले दोन्ही बाजूंनी सारखी असल्याने खाली पाहावे लागत नाही.

शर्यतीत पाय जमिनीला फारसा लागत नाही. आपल्याकडे मात्र तो वारंवार टेकवावा लागतो. यवतमाळहून कळंब किंवा आर्णीच्या दिशेने निघालेल्या सायकलस्वाराला गतिरोधक, अचानक आडवी येणारी जनावरे, कापसाच्या हंगामातील गाड्या आणि चहाची टपरी हे सारे भेटते. त्यातच पावसाळ्यात रस्त्याच्या कडेची काळी माती बुटाला लाडवासारखी चिकटते. ही माती तीन बोल्टच्या क्लीटमध्ये भरली, की पाय पुन्हा अडकत नाही. दोन बोल्टच्या पेडलची रचना उघडी असल्याने चिखल बराचसा बाहेर ढकलला जातो. म्हणून या भागातील नवशिक्याने रोड बाइकलाही दोन बोल्टचीच पद्धत निवडावी, हे उत्तम.

‘फ्लोट’ : गुडघ्याचा विमा

खरा प्रश्न मात्र गुडघ्याचा आहे. दोनशे किलोमीटरची ‘ब्रेव्हे’ साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते. त्यातील नऊ तास मिनिटाला ८० फेऱ्यांच्या गतीने पाय फिरले, तर प्रत्येक गुडघा ४३,२०० वेळा वाकतो. क्लीट वाकडा बसला असेल, तर तेवढ्या वेळा तो चुकीच्या कोनातच वाकतो.

म्हणून अडकलेल्या पावलाला थोडे डावी-उजवीकडे फिरू देणारी मोकळीक ठेवलेली असते. तिला ‘फ्लोट’ म्हणतात. शिमानो एसपीडी-एसएलमध्ये पिवळा क्लीट ६ अंश, निळा २ अंश आणि लाल शून्य अंश मोकळीक देतो. लूक किऑमध्ये लाल ९ अंश, करडा ४.५ अंश आणि काळा शून्य अंशांचा असतो. एका कंपनीचा लाल सर्वांत मोकळा, तर दुसरीचा सर्वांत घट्ट, हे खरेदी करताना लक्षात ठेवावे. शून्य अंशाचा क्लीट सामान्य सायकलस्वाराने टाळावा.

बसवण्याची रीत

अंगठ्यामागचा आणि करंगळीमागचा उंचवटा बुटावरून चाचपून खूण करावी. या दोन खुणांच्या दरम्यान क्लीटचा मध्य यावा. लांब पल्ल्यासाठी तो काही मिलिमीटर मागे सरकवला, तर पोटरीवरचा ताण कमी होतो. उंच टेबलावर बसून पाय सैल सोडावेत. पावले ज्या कोनात लोंबतात, साधारण तोच कोन क्लीटला द्यावा. दोन्ही पायांचा कोन सारखाच असेल असे नाही. गुडघ्याच्या आतल्या वा बाहेरच्या बाजूस दुखू लागले, तर आधी हा कोन तपासावा. दुखणे थांबत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

पेडल क्रँकमध्ये बसवताना आट्यांना ग्रीस लावावे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. दोन्ही पेडले सायकलच्या पुढच्या दिशेने फिरवली असता घट्ट होतात. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर क्लीटचे बोल्ट पुन्हा आवळावेत. ऐन वाटेत बोल्ट सैल झाला, तर टाच वळते, पण क्लीट सुटत नाही.

बूट संध्याकाळी घ्यावेत. उन्हाने व दिवसभराच्या वावराने पाय किंचित फुगतात. सकाळी नेमका बसलेला बूट दुपारी पायाला आवळतो. स्वस्त आणि महाग पेडलांच्या जोडीत दीड-दोनशे ग्रॅमचा फरक असतो. तेवढे पाणी एका पेल्यात मावते. पैसे वाचवायचे असतील तर पेडलवर वाचवावेत, बुटावर नाही.

पहिली पडझड

या पेडलवरून बहुतेक जण एकदा तरी पडतात, आणि तेही वेगात नव्हे, तर थांबताना. पाय सुटायच्या आत सायकल कलते. मैदानात पडल्यास खरचटण्यावर भागते. महामार्गावर मात्र शेजारून ट्रक जात असतो. म्हणून पेडलवरील ताणाचा स्क्रू सुरुवातीला पूर्ण सैल ठेवावा. भिंतीला टेकून प्रत्येक पाय पन्नास वेळा अडकवावा व सोडवावा, मग गवतावर सराव करावा. थांबण्याच्या वीस-पंचवीस मीटर आधीच एक पाय मोकळा करण्याची सवय लावावी. ती अंगवळणी पडेपर्यंत रहदारीत साधे पेडलच बरे. बाजारात पेडल घेताना ते पाय किती घट्ट धरते हे सगळेच पाहतात. ते पाय किती सहज सोडते, हे आधी पाहावे.